मोडलेला डाव

१४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका जाडजूड गणिताच्या पुस्तकात लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने एक उदाहरण घातलं. दोन संघ चेंडूचा खेळ खेळत आहेत. एक फेरी जिंकली की दहा गुण, आणि ज्याचे आधी साठ होतील तो जिंकला. एका संघाचे पन्नास आणि दुसऱ्याचे वीस झालेले असताना काही विघ्न आलं आणि खेळ मोडला. आता पणाला लावलेली रक्कम कशी वाटायची? पाचोलीने उत्तर दिलं, पन्नासाला वीस, म्हणजे पाचास दोन.

पाचोलीचा वाचक व्यापारी होता. भागीदारीत ज्याने जितकं भांडवल घातलं तितका त्याचा नफ्यात वाटा, हा हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला. पाचोलीने जिंकलेले गुण हेच भांडवल धरलं. १५५६ साली निकोलो तार्ताल्याने त्यातली गोम दाखवली. एका बाजूचे दहा आणि दुसरीचा शून्य असताना खेळ मोडला, तर या नियमाने एक फेरी जिंकल्याबद्दल सगळी रक्कम पहिल्या बाजूच्या खिशात जाते! तार्ताल्याने स्वतःची वेगळी वाटणी सुचवली खरी, पण तिच्यावर त्याचाच पुरता भरवसा नव्हता. हा प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचा आहे आणि तो कसाही सोडवला तरी भांडायला जागा उरणारच, असं त्याचं मत पडलं. त्याच्याही आधी, १५३९ मध्ये, जेरोलामो कार्दानोच्या लक्षात आलं होतं की आतापर्यंत किती फेऱ्या जिंकल्या हे पाहून भागणार नाही, जिंकायला अजून किती उरल्या ते पाहायला हवं. दिशा बरोबर होती, पुढची आकडेमोड चुकली.

या प्रश्नाचं उत्तर झालेल्या डावांत नाही, न झालेल्या डावांत आहे. आज हे एका वाक्यात सांगता येतं. युरोपातल्या भल्या भल्या गणित्यांना तिथे पोचायला १६० वर्षं लागली, आणि ते वाक्य नीट पटेपर्यंत आणखी शंभर.

जुगार तर जगात कधीचाच होता. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचं सूक्त आहे. महाभारतातलं द्यूत आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच महाभारतातल्या नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याच्या फांद्यांवरची पानं-फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवून फळं मोजतो, आकडा जुळतो, आणि मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो. मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकाच माणसाजवळ असावी, हे त्या कथाकाराला सुचलं याचं मला फार मोल वाटतं. संचय-क्रमचयांचं गणितही आपल्याकडे होतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, सहा रसांपासून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन घेत किती प्रकारची व्यंजनं होतील याचं उदाहरण आहे. ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३. हेच आकडे पुढे आपल्याला फ्रान्समध्ये भेटतात. पण ही मोजणी पणाच्या रकमेला कुणी लावली नाही. किती प्रकार होतील, इथवर प्रश्न येऊन थांबला. त्यांतले किती माझ्या बाजूचे, हा पुढचा प्रश्न विचारला गेला नाही.

इटलीत तो विचारला जात होता, पण सुटा सुटा. कार्दानो स्वतः पट्टीचा जुगारी. त्याने फाशांवर एक पुस्तिका लिहिली आणि अनुकूल प्रकारांना एकूण प्रकारांनी भागायचं हे त्यात सांगितलं, पण ती छापली गेली १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ८७ वर्षांनी. गॅलिलिओपुढे तीन फाशांचा एक प्रश्न आला होता. बेरीज नऊ यावी असे सहा मेळ आहेत आणि दहा यावी असेही सहाच, तरी खेळणाऱ्यांच्या अनुभवाला दहा जास्त वेळा का येतो? गॅलिलिओने तिन्ही फासे वेगळे धरून २१६ निष्पत्ती मोजल्या. नवाच्या २५, दहाच्या २७. तीन-तीन-तीन एकाच रीतीने पडतं, चार-तीन-दोन मात्र सहा रीतींनी. मेळ सारखे दिसले म्हणून ते समसंभाव्य होत नाहीत.

मग उजाडला १६५४ चा उन्हाळा.

पॅरिसमध्ये ब्लेझ पास्कल ३१ वर्षांचा होता. वडिलांना सरकारी करवसुलीचे हिशेब करावे लागत, म्हणून पोराने विशीच्या आतच बेरीज-वजाबाकीचं यंत्र रचायला घेतलं होतं. दक्षिणेला तुलूझमध्ये पिएर द फर्मा न्यायालयात सल्लागार न्यायाधीश होता आणि उरलेल्या वेळात गणित करायचा. दोघं एकमेकांना कधीच भेटले नाहीत. सहा वर्षांनी फर्माने भेटीचा बेत सुचवला तेव्हा पास्कलची तब्येत प्रवास करण्याजोगी उरली नव्हती. जे झालं ते पत्रांत, आणि त्यातलीही काहीच पत्रं आज शिल्लक आहेत. पास्कलचं पहिलं पत्र हरवलं. २९ जुलैचं मात्र आहे, आणि संभाव्यतेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

पास्कलला हे प्रश्न घातले आंत्वान गोंबो या माणसाने. लोक त्याला शव्हालिए द मेरे म्हणून ओळखत. दरबारी, लेखक, बोलण्यात हुशार. त्याचा एक प्रश्न मोडलेल्या डावाचा होताच. दुसरा फाशांचा. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडेल अशी पैज घेणं फायद्याचं, हे ठाऊक होतं. आता दोन फासे घेऊन सहा-सहाची जोडी पाडायची असेल तर किती वेळा टाकावे? जुना नियम प्रमाणाचा होता. एका फाशाच्या सहा निष्पत्ती, तिथे चार वेळा. दोन फाशांच्या छत्तीस, म्हणून चोवीस वेळा. पण २४ वेळांत ही पैज तोट्याची निघत होती, आणि मेरेला ते गणितावरचं लांच्छन वाटलं.

मेरे या पैजेत पैसे हरला आणि रडत पास्कलकडे आला, अशी गोष्ट वर्गांत सांगितली जाते. पत्रात तसं काही नाही. तिथे तक्रार आहे ती अंकगणित स्वतःशीच विसंगत वागतं याची. आणि हिशेब पाहिला तर हरण्याची गोष्ट पटतही नाही. हिशेब असा आहे. एक फासा चार वेळा टाकला तर एकूण निष्पत्ती १२९६. सहा एकदाही न पडण्याच्या निष्पत्ती ५×५×५×५, म्हणजे ६२५. उरल्या ६७१. पास्कल पत्रात हेच प्रमाण देतो, ६७१ ला ६२५. दोन फाशांची जोडी २४ वेळांत एकदाही न पडण्याची संभाव्यता ३५/३६ चा चोविसावा घात, म्हणजे ०.५०८६. पडण्याची ०.४९१४. एक वेळ वाढवून पंचवीस केल्या की ती ०.५०५५ होते. निम्म्यापासून एक टक्कासुद्धा नाही इतका हा फरक. तो पटावर बसून हाताला लागायला हजारो डाव खेळावे लागतील. मेरेला किंवा त्याच्या भोवतीच्या कुणाला तरी तो गणितातूनच दिसला असणार.

प्रमाणाचा नियम का फसतो, हे विद्यार्थ्याने एकदा स्वतः पाहावं. एका वेळेला १/६ तर चार वेळांना ४/६, अशी बेरीज केली तर सहा वेळांना सहा हमखास पडायला हवा. तो पडत नाही हे कुठलंही लहान मूल सांगेल. पडण्याच्या संभाव्यता अशा बेरजेने वाढत नाहीत, कारण सहा दोनदाही पडू शकतो. न पडण्याच्या संभाव्यता मात्र गुणाकाराने घटतात, कारण फाशाला मागचं काही आठवत नाही. पूरक घटना आणि स्वतंत्र घटना, दोन्ही कल्पना या एका पैजेत आहेत.

पण खरा ऐवज मोडलेल्या डावात आहे. पास्कलने तो सोपा करून घेतला. दोन खेळाडू, प्रत्येकाचे ३२ पिस्तोल, म्हणजे पणाला ६४ सोन्याची नाणी. आधी तीन डाव जिंकेल त्याचे सगळे पैसे. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पास्कल म्हणतो, पुढचा डाव खेळलाच असता तर काय झालं असतं ते पाहा. पहिला जिंकला असता तर त्याला ६४. हरला असता तर दोन-दोन अशी बरोबरी, आणि मग ३२-३२. म्हणजे ३२ तर कसेही त्याचेच. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क सारखा, म्हणून निम्मे. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. आता दोन-शून्य असताना थांबला तर? पुढचा डाव जिंकला तर ६४, हरला तर आत्ताच काढलेले ४८. मधला आकडा ५६. एक-शून्यला थांबला तर ५६ आणि ३२ यांच्या मधला, ४४. शेवटाकडून एक एक पायरी मागे यायचं. आज याला अपेक्षित मूल्य म्हणतात. पास्कल त्यासाठी वेगळं नाव शोधत बसला नाही.

फर्माची वाट वेगळी. समजा पहिल्याला जिंकायला दोन डाव हवेत आणि दुसऱ्याला तीन. तर जास्तीत जास्त चार डावांत निकाल लागेलच. मग चारही डावांच्या सगळ्या निष्पत्ती लिहून काढा. पहिला जिंकला की ‘अ’, दुसरा जिंकला की ‘ब’. अअअअ, अअअब, अअबअ, अबअअ, बअअअ, अअबब, अबअब, अबबअ, बअअब, बअबअ, बबअअ, अबबब, बअबब, बबअब, बबबअ, बबबब. सोळा. ज्यांत दोन किंवा जास्त ‘अ’ आहेत त्या पहिल्याच्या, अशा ११. बाकीच्या ५ दुसऱ्याच्या. पणाची रक्कम अकरास पाच अशी वाटायची. दहावीच्या पुस्तकात ज्याला नमुना अवकाश म्हणतात तो हाच, आणि त्यातल्या अकरा नमुना घटकांची घटना हीच. पाचोलीचं उदाहरण याच रीतीने करून पाहावं. एका संघाला एक फेरी हवी, दुसऱ्याला लागोपाठ चार. सोळापैकी एकच निष्पत्ती दुसऱ्याची. दोन्ही संघ तुल्यबळ धरले तर वाटणी पंधरास एक. पाचोलीच्या पाचास दोनपासून किती लांब!

फर्माची ही रीत पास्कलने पॅरिसमध्ये मित्रांना दाखवली तेव्हा रोबेर्वाल या प्राध्यापकाने हरकत घेतली. चार डाव खेळलेच जाणार नाहीत, तर चार डावांवर वाटणी का? पहिला लागोपाठ दोन जिंकला की खेळ संपला. मग अअअअ आणि अअबब यांत फरक कसला? हरकत सरळ आहे आणि आजही पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात कुणीतरी ती घेतंच. २४ ऑगस्टच्या पत्रात पास्कलने तिचं उत्तर दिलं. दोघा खेळाडूंनी आपसांत ठरवलं की निकाल लागला तरी चारही डाव खेळून टाकू, तर त्याने कुणाच्या हक्कात काही फरक पडतो का? जिंकलेला हरत नाही, हरलेला जिंकत नाही. म्हणजे डाव खेळले काय नि न खेळले काय, वाटा तोच. आणि चारही डाव धरले की मिळणाऱ्या सोळा निष्पत्ती सारख्या वजनाच्या असतात. मधेच थांबणाऱ्या डावांची यादी केली तर तिच्यातल्या ओळी सारख्या वजनाच्या नसतात.

हे कळायला किती अवघड आहे याचा पुरावा बरोबर शंभर वर्षांनी मिळाला. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात दालांबेर या मोठ्या गणितज्ञाने छापा-काट्यावर नोंद लिहिली. नाणं दोनदा उडवायचं, निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? नेहमीचं उत्तर ३/४. दालांबेरने त्यावर शंका घेतली. पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ संपला, म्हणून निष्पत्ती तीनच, छापा, काटा-छापा, काटा-काटा. म्हणून २/३. हा प्रश्न आणि पास्कलचा दोन-एकचा डाव एकच आहे. ६४ नाण्यांपैकी ४८ म्हणजेच ३/४. रोबेर्वालची हरकत दालांबेरच्या हातून विश्वकोशात गेली. पहिल्याच वेळी पडणाऱ्या छाप्याचं वजन निम्मं आहे आणि बाकी दोघांचं पाव-पाव, हे एवढ्या बुद्धिमान माणसाच्या नजरेतून निसटलं. म्हणून मला वाटतं की समसंभाव्य हा विशेषण म्हणून व्याख्येत टाकून देण्याचा शब्द नाही. संभाव्यतेतल्या पहिल्या चुकांपैकी निम्म्या तिथेच होतात.

पास्कलचाही पाय घसरला. तीन खेळाडू घेतले, एकाला एक डाव हवा आणि इतर दोघांना दोन-दोन. तीन डावांच्या २७ निष्पत्ती. त्यांत ‘अबब’ सारख्या काही अशा की पहिल्याचाही एक डाव होतो आणि दुसऱ्याचेही दोन. पास्कलने अशा निष्पत्ती दोघांत निम्म्या वाटल्या आणि त्याला १६, साडेपाच, साडेपाच असे वाटे मिळाले. त्याच्या स्वतःच्या मागे येण्याच्या रीतीशी ते जुळेनात, म्हणून फर्माची रीत तीन खेळाडूंना लागू पडत नाही असं त्याने ठरवलं. फर्माने २५ सप्टेंबरला शांतपणे लिहिलं की पुढचे डाव केवळ हिशेबासाठी धरलेत. जो आधी पोचला तो जिंकला, नंतर काय पडतं त्याला महत्त्व नाही. १७, ५, ५. पास्कलने २७ ऑक्टोबरच्या पत्रात ते मोकळ्या मनाने मान्य केलं. गणिताच्या इतिहासात श्रेयावरून झालेली भांडणं पुष्कळ आहेत. इतक्या नव्या विषयात एकाने चूक दाखवावी आणि दुसऱ्याने दाद द्यावी, असं क्वचित वाचायला मिळतं.

त्यानंतर महिनाही झाला नाही. २३ नोव्हेंबरच्या रात्री पास्कलला धार्मिक साक्षात्कार झाला. त्या अनुभवाचा कागद तो अंगरख्याच्या अस्तरात शिवून बाळगत असे. तो त्याच्या मृत्यूनंतर सापडला. गणिताकडे तो पुढे तुरळकच वळला. संचयांच्या त्रिकोणावरचा त्याचा प्रबंध १६५४ मध्ये छापून तयार होता, पण बाहेर आला १६६५ मध्ये. ‘लीलावती’तले १५ आणि २० त्या त्रिकोणात आहेत, आणि सोळा ओळी न लिहिता अकरास पाच कसं काढायचं तेही.

पत्रं खाजगीच राहिली. १६५५ मध्ये पॅरिसला आलेल्या क्रिस्तियान हायगेन्स या तरुण डच गणितज्ञाला प्रश्न ऐकायला मिळाले, रीत मिळाली नाही. त्याने ती स्वतः शोधली आणि १६५७ मध्ये चौदा प्रमेयांचा छोटा ग्रंथ छापला. संभाव्यतेवरचं हे पहिलं छापील पुस्तक, आणि पुढची पन्नास वर्षं शिकणाऱ्यांनी तेच वापरलं.

आतापर्यंत सगळं फासे आणि नाण्यांचं, म्हणजे जिथे निष्पत्ती आधीच मोजता येतात तिथलं. १६६२ मध्ये लंडनमधल्या जॉन ग्राँट या कापड-व्यापाऱ्याने शहरातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या घेऊन एक तक्ता मांडला. जन्मलेल्या शंभरांपैकी सहा वर्षांपर्यंत ६४ उरतात, सोळापर्यंत ४०, सव्विसापर्यंत २५. माणसाच्या आयुष्याला सहा बाजू नसतात. तिथे संभाव्यता काढायची कशी?

हा प्रश्न बाझलच्या याकोब बर्नुलीने धरला. त्याने वीस वर्षं त्यावर विचार केला असं तो स्वतः सांगतो. आजाराची किंवा हवामानाची समसंभाव्य निष्पत्तींत विभागणी करता येत नाही. मग पुष्कळ वेळा निरीक्षण करून प्रमाण काढावं. पुष्कळ म्हणजे किती? मडक्यात ३००० पांढरे आणि २००० काळे खडे आहेत, पण काढणाऱ्याला ते ठाऊक नाही. एक खडा काढायचा, रंग लिहायचा, परत टाकायचा. पांढऱ्यांचं प्रमाण ३/५ च्या आजूबाजूला १/५० च्या आत येईल याची हजारास एक अशी खात्री हवी तर किती वेळा काढावं? त्याचं उत्तर होतं २५,५५०.

पाचोलीने मागे पाहिलं आणि चुकला, बर्नुलीने मागे पाहिलं आणि तो बरोबर होता. पाचोली झालेल्या डावांतून वाटा काढत होता. बर्नुलीला झालेल्या नोंदींतून फक्त मडक्यातलं प्रमाण हवं होतं. वाटा काढायचा तर तो पुढच्याच निष्पत्तींवरून. संभाव्यता आणि संख्याशास्त्र हे दोन विषय इथे एकमेकांना भेटले.

बर्नुली १७०५ मध्ये वारला आणि ग्रंथ १७१३ मध्ये बाहेर आला. त्याच्या पहिल्या भागात हायगेन्सचं सबंध पुस्तक टिपांसह आहे. चौथ्या भागात सार्वजनिक, नैतिक आणि आर्थिक व्यवहारांतले उपयोग सांगण्याचं कबूल केलं होतं. ते लिहायचे राहिले, २५,५५० च्या हिशेबाशी पुस्तक थांबतं. वीस वर्षांनी, १७३३ मध्ये, लंडनमध्ये आश्रयाला आलेल्या आब्राम द म्वाव्र या फ्रेंच गणितज्ञाने घंटेच्या आकाराच्या वक्राचं सूत्र काढलं. त्या सूत्राने बर्नुलीचाच प्रश्न सोडवला तर २५,५५० च्या जागी साडेसहा हजारांच्या आसपासचा आकडा येतो. वाचणारा संख्याशास्त्राचा विद्यार्थी असेल तर त्याने तो स्वतः काढून पाहावा. लागणारं सगळं पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.